इस्लामपूरएवढा देश आणि सातारा-सांगलीची पदकं

पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये भारताला सहा पदकं मिळाली. जमैकालाही सहाच. आपल्या सहात एक रौप्य आणि पाच कांस्य होती, जमैकाच्या सहात एक सुवर्ण होतं. जमैका क्षेत्रफळानं साधारण सातारा जिल्ह्याएवढा आहे आणि लोकसंख्येनं सांगली जिल्ह्याएवढा. त्याच पॅरिसमध्ये सेंट लुसियाच्या ज्युलियन आल्फ्रेडनं महिलांची १०० मीटर शर्यत १०.७२ सेकंदांत जिंकली. तिच्या देशाची लोकसंख्या जेमतेम पावणेदोन-दोन लाख. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीत २०११ च्या जनगणनेतच पाच लाखांवर माणसं होती. डॉमिनिका तर त्याहून लहान. ६५-७० हजार वस्तीचा देश, म्हणजे आपल्या इस्लामपूर शहराएवढा. त्याच्या थिया लाफाँडनं तिहेरी उडीत १५.०२ मीटरची झेप घेऊन देशाचं पहिलंच ऑलिंपिक पदक मिळवलं, आणि तेही सोन्याचं.

असले आकडे वाचले की आपल्याकडे हमखास एक टोला हाणला जातो: एकशे चाळीस कोटींचा देश आणि पदकं किती? टोला हाणून विषय संपतो. मला तो हिशेब फारसा उपयोगाचा वाटत नाही. एकशे चाळीस कोटींचं कुणालाच काही करता येत नाही. त्यापेक्षा लहान बेटांशेजारी आपला एखादा मुलूख ठेवून पाहावा. सातारा आणि सांगली मिळून २०११ मध्ये ५८ लाख लोक होते, म्हणजे दोन जमैका. दोन जिल्हे एकत्र का धरायचे, तर १९४९ पर्यंत ते बहुतांशी एकच होते. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा निघाला, संस्थानांचे तुकडे त्याला जोडले गेले आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. शिवाय या मुलखानं क्रांतिसिंह नाना पाटलांच्या काळात स्वतःचं प्रतिसरकारही चालवून पाहिलं आहे. तेव्हा लेखापुरतं त्याला देश म्हटलं तर फारसं कुणाचं बिघडू नये. कोल्हापूर मुद्दाम बाहेर ठेवलं आहे. ते आत घेतलं की लेख कोल्हापूरचाच होतो.

या देशाची खातेवही १९५२ ला उघडते. हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी फ्रीस्टाइलच्या बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला ४४ वर्षं लागली, १९९६ ला लिअँडर पेसच्या रूपानं. खाशाबांची कथा आपण इतकी ऐकलेली असते की तिच्यातल्या कामाच्या गोष्टी निसटून जातात. पहिली गोष्ट, हा मातीतला पैलवान होता आणि ऑलिंपिक गादीवर होतं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं ते गेले आणि फ्लायवेटमध्ये सहावे आले. चार वर्षांनी पदकापर्यंत पोचले ते गादीवरचे डाव शिकून. दुसरी गोष्ट पैशांची. हेलसिंकीच्या खर्चासाठी गावानं वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या मारून ते घर सोडवलं. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. जपानच्या शोहाची इशीशी दमवणारी लढत झाल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोवसमोर उभं राहायला सांगितलं. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण ती मागायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता, असं सांगितलं जातं. पुढे इशीला सुवर्ण मिळालं आणि ममदबेयोवला रौप्य.

आता त्याच हेलसिंकीतली दुसरी टोकाची गोष्ट पाहा. जमैका तेव्हा स्वतंत्रसुद्धा नव्हता, ब्रिटिश वसाहत होता. तरी त्याच्या चौघांनी, विंट, लेंग, मॅकेन्ली आणि ऱ्होडन यांनी, ४ बाय ४०० मीटर रिले जागतिक विक्रमासह जिंकली. ४०० मीटरचं सुवर्ण आणि रौप्यही त्यांच्यातल्याच दोघांनी घेतलं. जमैकाची एकूण पाच पदकं झाली. म्हणजे सातारच्या पैलवानानं आणि जमैकाच्या धावपटूंनी एकाच महिन्यात एकाच गावात नाव काढलं. पुढची वाट मात्र वेगळी झाली. जमैकाच्या चौघांमागे शाळांची स्पर्धा होती. मुलांची ही आंतरशालेय स्पर्धा १९१० मध्ये सुरू झाली आणि आजही ‘चॅम्प्स’ म्हणून देशभर ओळखली जाते. किंग्स्टनच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये पाच दिवस चालते, स्टेडियम फुललेलं असतं आणि आपल्या शाळेचे रंग अंगावर घेऊन माजी विद्यार्थी ओरडत असतात. आपल्याकडे आंतरशालेय स्पर्धा कशा होतात? तालुक्याच्या मैदानावर, फुफाट्यात, दुपारच्या उन्हात, आणि बघायला पीटीचे सर आणि स्पर्धकांच्या आया.

खाशाबांमागे मात्र तालीम होती. जमैकाच्या चॅम्प्सच्या जवळ जाणारी आपली एकच संस्था म्हणजे तालीम आणि तिला जोडलेलं जत्रेचं मैदान. त्याचा पुरावा १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत सापडतो. भारताला कुस्तीत तीन सुवर्णपदकं मिळाली. त्यांतली दोन आजच्या सांगली जिल्ह्यातल्या पैलवानांची: शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने. दोघांनी फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन या दोन्ही प्रकारांत पदकं आणली, प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य. आंदळकर १९६४ ला टोकियो ऑलिंपिकलाही गेले आणि नंतर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत त्यांनी पिढ्या घडवल्या. दोघंही हिंदकेसरी. एका जिल्ह्यातून एकाच स्पर्धेत कुस्तीची दोन सुवर्णं, हा पराक्रम कुठल्याही बेटानं मिरवावा असा आहे. कवठेपिरानबाहेर तो किती जणांना माहीत आहे?

त्यानंतर माती तशीच राहिली आणि जग गादीवर गेलं. जत्रेचं इनाम मातीतल्या निकाली कुस्तीला मिळत होतं, गुणांच्या कुस्तीला नाही. पैलवानानं खुराकाचा खर्च तिथूनच काढायचा असल्यामुळे तो तिकडेच लढणार. यात त्याचा दोष काढण्यात अर्थ नाही.

पुढचं नाव कुस्तीचं नाही. इस्लामपूरजवळच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर सैन्यात ईएमईमध्ये होते, मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. उपचारांतला व्यायाम म्हणून पोहायला लागले आणि १९७२ च्या हायडलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक मिळवलं, तेही जागतिक विक्रमासह. ऑलिंपिक असो की पॅरालिंपिक, भारतीयाचं ते पहिलं वैयक्तिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ ला, म्हणजे ४६ वर्षांनी. २०२४ ला ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट आला तेव्हा खुद्द सांगली जिल्ह्यातले लोक एकमेकांना विचारत होते, अरे, हे आपले पेठचे का?

पेटकरांनंतर बराच काळ वहीची पानं कोरी नसली तरी विरळ आहेत. मधल्या काळात राष्ट्रीय पातळीवर कबड्डी, खो-खो, बुद्धिबळ यांत दोन्ही जिल्ह्यांनी भरपूर खेळाडू दिले. त्यांची यादी इथे देत नाही, कारण आपला प्रश्न देशाबाहेरच्या मैदानाचा आहे. विजय हजारे आणि नंदू नाटेकर जन्मानं सांगलीचे, हेही सांगलीकर अभिमानानं सांगतात. पण त्यांची कारकीर्द इथे घडली नाही, तेव्हा तो मान ज्याचा त्याला द्यावा.

खरा जोर दिसतो तो गेल्या दहा-बारा वर्षांत, आणि इथे बेटांशी गाठ प्रत्यक्षच पडते. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धांत ३००० मीटर स्टीपलचेस धावली. पहिल्या आलेल्या बहारीनच्या रूथ जेबेटला मार्गिकेच्या आत पाय टाकल्याबद्दल बाद केलं गेलं, ललिताला रौप्य मिळालं, मग जेबेटला परत घेतलं गेलं आणि ललिताचं रौप्य कांस्य झालं. बहारीन हाही बेटांचाच देश, पण जेबेट मूळची केनियाची. लहान देशांनी पदकं मिळवायचा हाही एक मार्ग आहे: खेळाडूच आणायचा. २०१६ ला रिओत ललितानं प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावी आली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी भारतीय महिला ऑलिंपिकच्या ट्रॅकवरच्या वैयक्तिक अंतिम शर्यतीत धावली. सुवर्ण पुन्हा जेबेटचंच होतं. पुढे उत्तेजक घेतल्याबद्दल तिच्यावर बंदी आली. माणदेशातल्या दुष्काळी रानातून अनवाणी शाळेत जाणाऱ्या मुलीनं बाहेरून आणलेल्या खेळाडूमागे दोनदा धावावं, यात न्याय शोधायला जाऊ नये. पण लहान देशाचं प्रत्येक पदक म्हणजे घरचं पीक, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता सांगलीच्या संकेत सरगरकडे येऊ, कारण बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं जे केलं ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. वडिलांची पानाची टपरी आणि चहाचा गाडा. संकेत तिथे हात लावायचा आणि सांगलीतल्या दिग्विजय व्यायामशाळेत वजनं उचलायचा. ३० जुलैला ५५ किलो गटात स्नॅचमध्ये त्यानं ११३ किलो उचलले. मलेशियाचा अनिक कसदान १०७ वर थांबला, म्हणजे सहा किलोंची आघाडी. क्लीन अँड जर्कच्या पहिल्या प्रयत्नात संकेतनं १३५ उचलले. दुसऱ्या प्रयत्नात १३९ डोक्यावर नेताना उजवं कोपर दगा देऊन गेलं. वेदना चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होत्या. तरी तो तिसऱ्यांदा फळीवर आला, पुन्हा १३९ ला हात घातला आणि हात पुन्हा सुटला. कसदाननं शेवटी १४२ उचलले. एकूण २४९ विरुद्ध २४८. एका किलोनं सोनं गेलं. त्या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं पदक. तिसऱ्या पायरीवर उभा होता श्रीलंकेचा दिलांका इसुरू कुमारा, २२५ किलो उचलून.

श्रीलंका हा आपल्या शेजारचाच बेट-देश. सव्वादोन कोटींच्या आसपास वस्ती आणि ऑलिंपिकच्या सगळ्या इतिहासात दोनच पदकं: १९४८ ला डंकन व्हाइटचं आणि २००० ला सुसंतिका जयसिंघेचं. बेट असलं की पदक येतंच असं नाही, हे सांगायला दुसरा दाखला नको. याउलट नाउरू या जेमतेम बारा हजार वस्तीच्या बेटानं वेटलिफ्टिंग हा एकच खेळ धरला. त्याच बर्मिंगहॅममध्ये नाउरूच्या मॅक्सिमिना उएपानं ७६ किलो गटात कांस्य घेतलं. तिच्या देशातले मार्कस स्टीफन राष्ट्रकुल स्पर्धेत या खेळाची सात सुवर्णं मिळवून पुढे राष्ट्राध्यक्षही झाले. संकेत मात्र आजही आमदार नाही, हे मी गमतीनं म्हणतो.

नाउरूच्या खेळाडूला एक सोय आहे जी सांगलीच्या खेळाडूला कधीच मिळणार नाही. त्याला स्वतःचा झेंडा आहे. राष्ट्रकुलमध्ये प्रत्येक वजनगटाला देशाचा एक खेळाडू. संकेतला आधी मणिपूर, आंध्र, पंजाब यांना मागे टाकावं लागतं. ऑलिंपिकमध्ये तर लहान देशांना धावणं आणि पोहणं यांत पात्रता नसली तरी एखादी जागा राखून मिळते. क्रिकेटमध्ये याची उलटी तऱ्हा दिसते. एरवी वेस्ट इंडीज म्हणून एकत्र खेळणारी बेटं राष्ट्रकुलमध्ये वेगळी होतात. बर्मिंगहॅमला बार्बाडोस स्वतंत्र उतरला आणि सांगलीची स्मृती मानधना ज्या संघात होती त्या भारतानं त्याला शंभर धावांनी हरवलं. स्मृतीनं पुढच्या वर्षी हांगझोऊला श्रीलंकेविरुद्धच्या अंतिम सामन्यात ४६ धावा केल्या आणि भारताला आशियाई सुवर्ण मिळालं. नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषक उचलणाऱ्या संघाची ती उपकर्णधार होती.

आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी हा असाच थोडक्यात हुकलेला. शाळेत असताना सायकलवरून पडून हात मोडला, दुखणं चिघळलं आणि हात कायमचा अधू झाला. इंजिनियर झाला, पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवलं आणि गोळाफेक सोडली नाही. २०२३ आणि २०२४ ला एफ-४६ गटात जगज्जेता. पॅरिस पॅरालिंपिकला १६.३२ मीटर फेकून रौप्य. कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टची फेक १६.३८ होती. सहा सेंटीमीटर.

आतापर्यंतच्या नावांत एक धागा आहे. खाशाबा गोळेश्वरातून कोल्हापूरला गेले. सचिन करगणीतून पुण्याला. फलटण तालुक्यातल्या सरडेचा प्रवीण जाधव, शेतमजुरांचा मुलगा, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका शिक्षकानं खेळात आणला आणि शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून अमरावतीला जाऊन तिरंदाज झाला. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यानं जागतिक क्रमवारीत दुसऱ्या असलेल्या बझारझापोवला ६-० नं हरवलं. खेळायचं तर गाव सोडायचं, हा इथला नियमच. प्रत्येकाच्या मागे एखादा शिक्षक, प्राचार्य, काका किंवा वस्ताद असतो आणि तो नसता तर काय, या प्रश्नाचं उत्तर आपल्या कुणाकडे नाही. अमका शिक्षक भेटला म्हणून अमका घडला, ही कथा आपल्याला फार आवडते. मला तिची थोडी धास्ती वाटते. ज्यांना तो भेटला नाही त्यांची गणती कुठेच नसते.

बेटांचंही पूर्वी असंच होतं आणि काहींचं अजून आहे. ज्युलियन आल्फ्रेड चौदाव्या वर्षी घर सोडून जमैकाला गेली, तिथून अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात. तिच्या देशातल्या मोठ्या स्टेडियममध्ये २००९ च्या आगीनंतर एक रुग्णालय हलवलं होतं आणि ते वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. म्हणजे बेटावर सगळं आलबेल असतं असं नाही. जमैकाची हुशार पोरंही अमेरिकन विद्यापीठांची शिष्यवृत्ती घेऊन जायची. १९९९ ला स्टीफन फ्रान्सिस या प्रशिक्षकानं किंग्स्टनमध्ये एमव्हीपी नावाचा क्लब काढला आणि खेळाडूंना घरीच ठेवून तयार करायला सुरुवात केली. असाफा पॉवेल आणि शेली-ॲन फ्रेझर-प्राइस तिथले. ग्लेन मिल्सच्या दुसऱ्या क्लबात युसेन बोल्ट तयार झाला. गवताच्या मैदानावर सराव करणाऱ्या या मंडळींनी २००८ ला बीजिंगमध्ये काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. मग सेंट लुसियाची मुलगी शिकायला जमैकात येऊ लागली. मोजायचंच असेल तर हे मोजावं: पोरं बाहेर जातात की बाहेरची आत येतात?

या मापानं पाहिलं तर आपल्या दोन जिल्ह्यांतली सगळ्यांत मोठी घटना ऑगस्ट २०२३ मधली आहे. बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंडमध्ये जगज्जेती झाली. अंतिम लढतीत मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला १४९-१४७ असं हरवलं. शंभर-दीडशे वर्षांची परंपरा असलेल्या कुस्तीला जे साधलं नाही ते हायस्कूलच्या मुलीनं केलं. त्याच दिवशी पुरुषांचं विजेतेपद ओजस देवतळेनं १५० पैकी १५० गुण घेऊन मिळवलं. ओजस नागपूरचा. पण शिकायला साताऱ्यात आला होता, प्रवीण सावंत यांच्या अकादमीत, जिथे अदितीही शिकली. उसाच्या रानातली अकादमी, वातानुकूलित काही नाही. त्याच वर्षी साताऱ्याचाच पार्थ साळुंखे आयर्लंडमधल्या लिमरिकला रिकर्व्हचा युवा जगज्जेता झाला. धनुष्य आणि बाणांचा खर्च लाखांत जातो. अदितीच्या शिक्षक वडिलांनी त्यासाठी कर्ज काढलं होतं, म्हणजे खर्डेकर सरांच्या गहाण घरापासून आपण त्या बाबतीत फार पुढे आलेलो नाही. पण प्रवासाची दिशा बदलली. विदर्भातला मुलगा साताऱ्याला आला.

गंमत अशी की या दोन जिल्ह्यांत सरकारी पैसा अशा अकादमींच्या वाट्याला क्वचितच येतो. तो तालुका क्रीडा संकुलात जातो. कमान, फरशी, पाटी. खाशाबांच्या नावानं गोळेश्वरात कुस्ती संकुल व्हावं म्हणून इतकी वर्षं पाठपुरावा करावा लागला की २०१७ मध्ये त्यांच्या मुलानं ऑलिंपिक पदक लिलावात काढण्याचा इशारा दिला. २०२३ ला सरकारनं १५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन ठरवला. चांगलं झालं. पण दिवस साजरा करायला गादी लागत नाही, सरावाला लागते.

मला विचाराल तर या मुलखाला चारच गोष्टी धरता येतील आणि चारही इथे आधीच उभ्या आहेत. साताऱ्याची तिरंदाजी, सांगलीच्या व्यायामशाळांतलं वेटलिफ्टिंग, माण-खटाव-आटपाडीच्या चढांवरचं लांब पल्ल्याचं धावणं आणि कुस्ती. कुस्तीत मुलींचा भरणा आता लक्षणीय आहे: २०२३ ला सांगलीतच पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. पाचव्या, सहाव्या, दहाव्या खेळाचं संकुल नको. ग्रेनेडा हा साताऱ्याच्या शहराएवढा देश. तो ४०० मीटर, भालाफेक आणि डेकॅथलॉन एवढंच धरून बसला आणि २०१२ पासून एकाही ऑलिंपिकमधून रिकाम्या हातानं परतलेला नाही.

लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये कंपाउंड तिरंदाजीची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये होणार आहे, एक मुलगा आणि एक मुलगी मिळून. सरकारचं जे व्हायचं ते होईल. या दोन जिल्ह्यांतल्या जत्रा कमिट्यांकडे मात्र आजही पैसा आहे. कुस्तीच्या जोडीला बैलगाडी शर्यतीला चारचाकी बक्षीस लावण्याइतका आहे. त्यांनी यंदाच्या हँडबिलात गादीवरच्या एका कुस्तीचं आणि मुलींच्या तीन हजार मीटर शर्यतीचं इनाम छापावं, आणि ते पहिल्या कुस्तीच्या निम्मं तरी असावं.